बापूंच्या सायकलची दांडी

सायकलवरून मासेमारीचं सामान कसं न्यावं हे विचारायला माझ्या दुकानात जे लोक येतात, त्यांतल्या निम्म्यांना बाजारात घेतलेला मासा पिशवीत घालून घरी नेणंसुद्धा जमणार नाही. हे मी रागानं म्हणत नाही, बघून म्हणतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पंक्चर काढणं, हवा भरणं हे चालूच असतं, पण आमचं नाव झालं ते कॅरियरमुळे. दूधवाल्याच्या किटल्यांना हुक, पाववाल्याच्या पेटीला पट्ट्या, सुऱ्यांना धार लावणाऱ्याचा दगड, गॅसच्या टाक्या. ज्याचं ओझं सायकलवर बसत नाही तो आमच्याकडे येतो आणि बसवून घेऊन जातो.

ह्या दिवाळी अंकाचे संपादकसाहेब म्हणाले, "सायकलच्या सोनेरी दिवसांवर लिहा." ते दिवस सोनेरी नव्हते, काळे होते. वंगणानं. जेवताना भाकरीला वास यायचा आणि आई विचारायची, हात धुतलेस की पाण्याला नुसते दाखवलेस? तेव्हा सोन्याचं सोडून देतो आणि ओझ्याबद्दल लिहितो. मला कळतं ते तेवढंच.

पूर्वी सायकल घेणारा माणूस पहिलं विचारायचा, "किती वजन सोसंल?" आता विचारतात, "वजन किती आहे?" ह्या दोन प्रश्नांत सगळा फरक आला. हल्लीच्या सायकलींना स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, काहींना तर बेलसुद्धा नाही. किंमत मात्र दुभत्या म्हशीची. "मिस्त्री, फार लाइट आहे हो," असं म्हणत मालक ती एका हातानं उचलून दाखवतो. हलकी असायचीच. रिकामं पोतंही हलकं असतं.

त्यात कुणीतरी मोबाइलवर मासे धरण्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि आमच्या शहरात गळवाल्यांचं पीक आलं. रविवारी सकाळी बघावं तर डोक्यावर टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात परदेशी काठी, आणि चेहरा असा की आता देवमासाच घेऊन येणार. मोटारीनं गेले तर माझं काही म्हणणं नाही. पण तब्येतीचंही खूळ असतं, त्यामुळे सायकलनंच जायचं असतं. मग काठी न्यायची कशी?

सांगतो. गळाची काठी सायकलवरून न्यायच्या तीन रीती आहेत आणि त्यांतल्या दोन मूर्खांच्या. पहिली, हँडलला आडवी बांधायची. म्हणजे सायकल रस्त्याच्या मधून आणि काठी दोन्हीकडच्या लोकांच्या पोटातून. दुसरी, मागं कॅरियरला झेंड्यासारखी उभी बांधायची. आमच्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फलक टांगलेले असतात. एका बहाद्दराची काठी अशाच एका फलकावरच्या भावी नगरसेवकाच्या डोळ्यातून आरपार गेली आणि कार्यकर्त्यांनी त्याला काठीसकट धरून ठेवलं. तिसरी रीत अशी, की प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा कॅरियरच्या कडेला क्लिपांनी पक्का करायचा, काठी त्यात सारायची, टोक मागं आणि जरा वर ठेवायचं, आणि गळ काढून बुचात खुपसायचा. ह्यात शास्त्र वगैरे काही नाही. पण "गळ काढून ठेवा" हे वाक्य कुणाच्या कानात शिरत नाही.

फरशीचं शोरूम असलेले एक गृहस्थ माझे नेहमीचे गिऱ्हाईक. अंगानं भरदार, मनानं उदार, आणि ऐकून घेण्याच्या बाबतीत ठार बहिरे. त्यांनी काठी आडवी बांधली होती आणि गळ तसाच लोंबत होता. संध्याकाळी परत येताना ते दूधकट्ट्यावरून निघाले. आमच्याकडे म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं. मीही तिथं पेला तोंडाला लावून उभा होतो. गळ एका म्हशीच्या कासऱ्यात अडकला. मागून काहीतरी ओढतंय असं वाटून म्हैस चालू लागली, रिळातला दोरा सरसर सुटला, आणि हे गृहस्थ सायकल टाकून, हँडलवरची काठी उपसून, ती छातीशी धरून तिच्या मागं.

"सोडा की वो काठी!" लोक ओरडत होते.

"इंपोर्टेड आहे!" हे ओरडत होते.

म्हशीचा मालक जागचा हलला नाही. तो म्हणाला, "पावणं, मासा मोठा गावला की! तळून देऊ का रस्सा करू?"

दुसऱ्या दिवशी मोडलेलं टोक घेऊन गृहस्थ दुकानात हजर. "मिस्त्री, तो तुमचा पाइप बसवूनच टाका." मी विचारलं, "आणि गळ काढून ठेवणार का?" ते म्हणाले, "बघतो."

दुसरे एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांच्या सायकलवर मी घडीची खुर्ची, छत्री, बर्फाची पेटी आणि थर्मास असा सगळा संसार बसवून दिला. पाण्यापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गळ घरीच राहिला. दिवसभर खुर्चीत बसून चहा प्याले आणि परत आले. "फार छान गेला दिवस," असं मला येऊन सांगितलं. ह्या साहेबांविषयी माझं मत त्यातल्या त्यात बरं आहे, कारण माशांना त्यांचा काही उपद्रव नाही.

ह्या मंडळींच्या रांगेत बापूंना उभं करणं म्हणजे बापूंचा अपमान आहे. पण माझ्या सगळ्या कामांत एक सायकल अशी झाली की तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख संपवणं मला जमणार नाही, आणि ती बापूंची.

बापू जाळंवाले. कागलच्या बाजूला, हायवेच्या अलीकडं एक तळं आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं जाकीटवाल्यांची जत्रा भरेल. तिथून बऱ्याच अंतरावर एका वस्तीत बापूंचं घर. त्यांची काळी, जड सायकल माझ्या वडिलांनी बांधून दिलेली. जाळ्याचं ओझं काठीसारखं नखरेल नसतं, पण दगाबाज असतं. जाळ्याच्या एका कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, बुडण्यासाठी, आणि दुसऱ्या कडेला थर्माकोलचे तुकडे, तरंगण्यासाठी. शिसं सगळं एका अंगाला आलं की सायकल वळणावर लोळण घेते. शिवाय जाताना जाळं वाळलेलं, येताना ओलं, आणि वर मासे. म्हणून वडिलांनी त्यांना कॅरियरवर पोतं ठेवू दिलं नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली आसाजवळ, लोखंडी पट्ट्यांच्या दोन टोपल्या करून दिल्या. ओझं जितकं खाली, तितकं गरीब. पुढच्या दांडीवर हातपंप आणि ट्रकच्या चाकाची ट्यूब. ती काठावर फुगवायची, तिच्यावर बसायचं आणि पाण्यात शिरायचं. बोट वगैरे लाड तिथं नाहीत.

त्या तळ्यावर प्रत्येकाची जाळं लावायची जागा ठरलेली असते. कागदावर नव्हे, रिवाजानं. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालतात तेव्हा जाळी बंद असतात. श्रावणातल्या पुनवेला सकाळी सगळे काठावर जमतात, पाण्याची पूजा होते, नारळ फुटतो आणि वर्षभराच्या जागा कायम होतात. अट एकच. नारळ फुटायच्या आत प्रत्येकानं आपलं जाळं आपल्या घरच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत स्वतः आणायचं. पूर्वी खांद्यावरून आणायचे. मग सायकली आल्या तेव्हा म्हणे बरीच भांडणं झाली, पण सायकलीला पाय माणसाचेच लागतात म्हणून ती चालवून घेतली. मोटरसायकलचा विषय निघाला तेव्हा जुनी माणसं म्हणाली, "पेट्रोल काय पाण्यात उतरणार हाय काय?" आणि विषय मिटला. ज्याचं जाळं दुसऱ्यानं आणलं, त्याची जागा मोकळी. ती मग कुणीही घ्यावी.

रिवाज मूर्खपणाचा आहे, हे मी बापूंना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "व्हय. पर हाय."

बापूंची जागा तळ्यात ओढा उतरतो तिथली, म्हणजे सगळ्यांत चांगली. नवं पाणी आलं की मासा तिकडंच धावतो. ती जागा त्यांच्या वडिलांची, त्यांच्या आधी आजोबांची. आणि बापूंचा उजवा गुडघा गेला.

ऑपरेशन झालं, आत नवा सांधा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं घेऊन चालायचं नाही, बसून सायकल मारायला हरकत नाही. सायकल मारायला हरकत नाही हे ऐकायला गोड आहे, पण आधी तिच्यावर बसावं लागतं. मागं टोपल्या, पुढं दांडी. दांडीवरून पलीकडं टाकायला पाय वर जाईना. भरलेली सायकल ढकलत न्यायची तर सगळं वजन गुडघ्यावर.

तळ्यावरच्या मंडळींत अण्णा म्हणून एक म्हातारे आहेत, पूजा तेच करतात. बापूंचा आणि त्यांचा कैक वर्षांचा अबोला. कशावरून बिनसलं हे आता दोघांनाही आठवत नसावं, पण अबोला इमानानं पाळतात. अण्णा चारचौघांत म्हणाले, "पाय चालंना तर घरात बसावं. तळं काय दवाखाना हाय?" आणि मारुती म्हणून एक तरणा गडी, त्याची जागा पलीकडच्या खडकाळ बाजूला, जिथं जाळं फाटतं जास्त आणि भरतं कमी. त्यानं उघड सांगितलं की ओढ्याची जागा मोकळी झाली तर मी घेणार. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बापूंना एक मुलगा, संजू. कागलकडच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं स्वतः जाळं धरलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण संजूला पोहता येत नाही. तीन पिढ्या पाण्यावर जगलेल्या घरात हा एक निघाला. त्याच्याकडं विजेवर चालणारी स्कूटर आहे, तिच्या चार्जिंगबद्दल तो तासभर बोलू शकतो.

त्याच स्कूटरवर मागं बसून बापू दुकानात आले. सायकल टेंपोत घालून आणलेली.

"मिस्त्री, पाय वर जात न्हाय. काय तरी करा."

मी सायकलभोवती फिरलो. फिरायची गरज नव्हती, उपाय दिसत होता, पण लगेच सांगितलं तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. मग म्हणालो, "दांडी कापाय लागती, बापू. खालनं दोन नळ्या टाकतो. पाय नुसता मधनं सारायचा."

"म्हंजी लेडीज?"

"लेडीज न्हवं. बिनदांडीची."

"त्येच की ते! बाईच्या सायकलवर बसून तळ्यावर जाऊ? त्येच्यापरास मला ट्यूबला बांधा आन् द्या ढकलून पाण्यात."

"मग तीन चाकांची करू?"

ह्यावर ते जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. बापूंच्या ह्या ताठ्यावर मी पोटभर हसलो. गुडघ्यात लोखंड घातलेलं चालतं, सायकलीतलं काढलेलं चालत नाही! कोल्हापुरी माणूस मरेल, पण मागून कुणी "वैनीची सायकल" म्हणालेलं त्याला सोसणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. बापू म्हणाले, "हसा तुमी. जागा गेली की मी काय करू सांगा? दारात बसून कोंबड्या राखू? पाण्याबिगर मला दुसरं काय बी येत न्हाय, मिस्त्री." आणि संजूच्या हाताला धरून उठले. माझं हसणं तिथंच थांबलं. सायकल तशीच दुकानात राहिली.

दोन दिवसांनी वैनी आल्या, बापूंची बायको. एस्टीनं, एकट्याच. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"कापा तुमी दांडी."

"बापू तयार हायत?"

"त्येंला कोण विचारतंय? सायकल तुमच्याकडं हाय, करवत तुमच्याकडं हाय."

"आन् बसलं न्हाईत तर?"

"न बसू द्यात. पर बसायला हुईना म्हणून न बसनं येगळं, आन् नगं म्हणून न बसनं येगळं."

वडिलांनी बांधलेली सायकल होती. त्यांनी त्या दांडीच्या जोडाला आतून दुहेरी नळी घातलेली मला माहीत होती, घालताना मीच धरली होती. कापायला फार वेळ लागला, तो करवत बोथट होती म्हणून, असं लिहितो. दांडी काढली, हँडलच्या मुळापासून पायडलच्या आसापर्यंत दोन जाड नळ्या खाली वाकवून शेजारीशेजारी टाकल्या, मध्ये आडवे तुकडे भरले. दांडी गेली की सायकलचा कणा जातो. मागं जाळ्याचं ओझं आणि मध्ये कणा नाही, अशी सायकल खड्ड्यात गेली की मधोमध दुमडते. वेल्डिंग झाल्यावर ओझं घालून पाहायचं होतं. फरशीवाले गृहस्थ नवा पाइप बसवायला आले होते, त्यांना म्हटलं, "जरा बसा हिच्यावर, आणि बसल्याबसल्या उड्या मारा." त्यांना वाटलं आपला सन्मान चाललाय. मनापासून उड्या मारल्या. नळ्यांना काही झालं नाही. त्या माणसाचा माझ्या धंद्याला झालेला हा एकमेव उपयोग.

सायकलला काळा रंग दिला, ट्यूबसाठी हँडलला पुढं आकडा केला आणि टेंपोत घालून वस्तीवर पाठवली. बापूंनी ती बघितली आणि "बघू" म्हणाले, असा वैनींचा निरोप आला. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही.

पुनवेच्या सकाळी मी तळ्यावर गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं. माझं वेल्डिंग बघायला गेलो असं स्वतःला सांगितलं. गेलो तेही मोपेडवर. सायकलवाल्यानं मोपेडवर जावं, हसायचं असेल तर हसून घ्या.

पाऊस उघडला होता. काठावर सायकलींची रांग लागलेली, माणसं जाळी सोडवत बसलेली. आणि ओढ्याच्या तोंडाशी, बापूंच्या जागेवर, बापूंचं जाळं व्यवस्थित ठेवलेलं, त्यावर ट्यूब. शेजारी संजू, आणि संजूच्या शेजारी ती स्कूटर. मला बघून तो हसला.

"काका, बाबा काल म्हणालं, मी जाणार न्हाय. रातभर झोपलं न्हाईत. म्हणून मीच जाळं आणलं फाटंफाटं. जागा जायला नगो."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. बापाची झोप उडालेली ह्याला दिसली, आणि तळ्यावरचा पोरगासुद्धा जाणतो तो रिवाज ह्याला माहीत नव्हता. नसेलच. सबंध लहानपण पाण्याकडं पाठ करून काढलेलं. प्रेमानं केलेला गाढवपणा हा सगळ्यांत वाईट, कारण त्याला शिव्यासुद्धा घालता येत नाहीत.

अण्णा काठी टेकत आले. "जाळं कुणी आणलं?"

"मी. गाडीवरनं."

"मग ही जागा मोकळी," अण्णा म्हणाले आणि मारुतीकडं बघितलं. मारुतीनं आपलं जाळं उचललं आणि तिथं आणून ठेवलं, बापूंच्या जाळ्यापासून हातभर अंतरावर. संजूला कुणीतरी रिवाज समजावून सांगितला. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची दया आली. कुठून आली कोण जाणे, पण आली.

तेवढ्यात बांधावरून बापू आले. सायकलवर. बिनदांडीच्या. पाठ ताठ, नजर समोर, टोपल्या रिकाम्या. घरात जाळं नव्हतं, संजूनं नेलंय हे वैनींकडून कळलं आणि तसेच निघाले होते. कुणीतरी ओरडलंच, "बापू, वैनीस्नी चालत सोडलं काय?" हशा झाला. बापूंनी मधून पाय काढला, सायकल स्टँडला लावली आणि जाळ्याकडं बघितलं. मग मारुतीच्या जाळ्याकडं. मग संजूकडं. संजू काही बोलायला गेला, त्यांनी हात वर केला.

"नारळ फुटला?" त्यांनी विचारलं. नाव घेतलं नाही, पण विचारलं अण्णांना.

"न्हाय अजून," अण्णा दुसरीकडं बघत म्हणाले.

बापूंनी खाली बसून जाळं दोन भागांत लावलं, शिसं सारखं वाटून घेतलं, दोन्ही टोपल्या भरल्या, ट्यूब आकड्याला अडकवली. बसता-उठताना तोंडातून आवाज निघत होता, पण कुणी मदतीला गेलं नाही. जायचं नव्हतंच. संजू म्हणाला, "बाबा, घरापातूर मी गाडीवर नेतो, मग तिथनं तुमी..."

"हात लावू नगंस," बापू म्हणाले. मधून पाय सारला, पायडल मारलं आणि जाळं घेऊन घराकडं निघून गेले. उंबऱ्याला जाऊन परत यायला.

धडधाकट माणसाला घाम फुटेल एवढं ते अंतर. आणि पूजेची तयारी झालेली, माणसं सगळी जमलेली. नारळ फुटायला काहीच अडचण नव्हती. मी मनात हिशेब केला आणि तो बापूंच्या बाजूनं लागेना. माझ्या वेल्डिंगला काही होऊ नये एवढंच मी देवाला सांगत होतो, आणि देवाचं आणि माझं फारसं पटत नाही.

अण्णा पूजेला बसले. उदबत्ती पेटेना. काडेपेटी सादळली म्हणाले. चार जणांनी चार काडेपेट्या पुढं केल्या, त्याही सादळलेल्या निघाल्या. मग हळद सापडेना. ती अण्णांच्याच मांडीखाली होती, हे मला दिसत होतं, पण पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं ती गवतात शोधत होती. मग नारळ. अण्णांनी तो दगडावर हाणला. हाणला कसला, ठेवला. फुटला नाही. परत हाणला, टक्क असा आवाज झाला, फुटला नाही. नारळ फिरवून बघितला, शेंडी सारखी केली, कानाशी धरून हलवला.

"अण्णा, मी फोडू काय?" एक जण म्हणाला.

"तुझ्या बानं कवा फोडला हुता काय?" अण्णा खेकसले. आणि तिसऱ्यांदा हाणताना नारळ त्यांच्या हातातून निसटला, उतारावरून गडगडत गेला आणि पाण्यात पडला. ओढ्याच्या ओढीनं तळ्याच्या मध्याकडं निघाला.

सगळे उभे राहून बघत होते. शेवटी मारुतीनं सदरा काढला आणि उडी घेतली. त्या तळ्यावर मारुतीसारखा पट्टीचा पोहणारा दुसरा नाही, हे मला तिथंच दोघातिघांनी सांगितलं होतं. तो नारळापर्यंत पोचला, हात घातला, नारळ सटकला. परत घातला, परत सटकला. मग त्याला पायात गोळा आला. मग नारळ त्याला दिसेनाच, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तरंगत असलेला. काठावरची माणसं त्याला दिशा दाखवत होती, प्रत्येक जण वेगळी. मी आयुष्यभर निकामी माणसं बघितली, धंदाच तसा आहे, पण इतकी निकामी माणसं एका ठिकाणी कधी बघितली नव्हती. आणि त्या वेळी माझे डोळे भरून आले, हे लिहून टाकतो.

बांधाच्या वळणावर काळं हँडल दिसलं. टोपल्या भरलेल्या होत्या, सायकल डुलत नव्हती. बापूंचा चेहरा घामानं निथळत होता. घरी त्यांनी पुढचं चाक उंबऱ्याला टेकवलं, पाण्याचा घोटही न घेता मागं फिरले, असं वैनींनी मला नंतर सांगितलं. अर्ध्या वाटेतून वळले असते तरी बघायला तिथं कोण होतं? पण बापू वळणारे नव्हते.

मारुतीला तेवढ्यात नारळ सापडला. तो पाण्यातून निथळत वर आला आणि अण्णांच्या हातात नारळ दिला.

बापू उतरले. गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले, श्वास घेतला, आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"एक नारळ फुटंना व्हय रं तुमास्नी? माजी वाट बघत बसलायसा काय?"

"तुजी कोण वाट बघतंय?" अण्णा म्हणाले. "नारळच वाईट निघालाय." आणि बसल्या जागेवरून, मान वर न करता, त्यांनी तो दगडावर हाणला. एका दणक्यात दोन शकलं झाली.

बापू टोपलीतून जाळं काढू लागले. मारुतीनं आपलं जाळं उचललं, खांद्यावर टाकलं आणि ओल्या अंगानं पलीकडच्या खडकाळ बाजूला चालू लागला.